मिरगाआधी सर्व्हरचीही शाकारणी करा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे सरत आला की आपल्याकडे कौलं परतून घेतात, पडवीला झड बांधतात, गटारं मोकळी करतात. सर्व्हरकडे मात्र कुणी बघत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टेचं बुकिंग, हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, बोटीच्या फेऱ्यांच्या नोंदी अशी कितीतरी कामं आता छोट्या छोट्या वेबसाइटवर चालतात. त्यांतल्या बऱ्याच नोड डॉट जेएसवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टवर, उभ्या असतात. कुणाचा सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर, कुणाचा ऑफिसातल्या कपाटाशेजारी ठेवलेल्या जुन्या पीसीवर. पहिला वळीव कोसळतो, लाईट जाते, परत येते, पीसी सुरू होतो आणि वेबसाइट उठतच नाही. त्याहून वाईट म्हणजे उठते, पण भलत्याच सेटिंगवर उठते. निसर्ग वादळ (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) यांच्या वेळी कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, ते सोडा. आपल्याकडे साध्या पावसाळ्यातही मशीन किती वेळा बंद-चालू होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र मिरगाच्या आधी छापावं, ही विनंती.

यातल्या बऱ्याच बिघाडांचं मूळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये, असतं. डेटाबेसचा पत्ता, पेमेंटची गुप्त किल्ली, पोर्ट क्रमांक (सर्व्हरच्या ज्या दारातून विनंत्या येतात त्याचा नंबर), टेस्ट मोड (खरे पैसे न घेता चाचणी) चालू की बंद, या गोष्टी कोडमध्ये न लिहिता ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यायच्या अशी रीत आहे, आणि ती चांगली आहे. नोडमध्ये त्या 'प्रोसेस डॉट एन्व्ह' या ऑब्जेक्टमधून (नाव-किमतीच्या जोड्यांच्या संचातून) मिळतात. रीत चांगली असली तरी ती वस्तू नीट वाचून घेणारे थोडे.

छपाईबद्दल आधीच एक खुलासा. आपल्या दैनिकात आकडे देवनागरीत छापले जातात, म्हणून इथेही तसेच आहेत. व्हेरिएबलची नावंही इथे मराठीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये नावं रोमन कॅपिटल अक्षरांत आणि आकडे इंग्रजीच हवेत. हे वरवरचं वाटेल, पण त्यावरून काय होतं ते पुढे येईल.

आधी लाईट जाण्याचं. वेबसाइट बसवून देणारा माणूस टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडतो, 'एक्सपोर्ट' करून चार व्हेरिएबल देतो, प्रोग्राम सुरू करतो, सगळं चालतं, तो निघून जातो. एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल फक्त त्या शेलपुरतं (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामपुरतं) आणि त्या शेलने सुरू केलेल्या प्रोग्रामपुरतं जिवंत असतं. मशीन रीबूट झालं की ते गेलं. काहीजण ते शेलच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकतात आणि निर्धास्त होतात. पण ती फाइल माणूस लॉगिन करून टर्मिनलवर बसला तरच वाचली जाते. रीबूटनंतर आपोआप सुरू होणारी सिस्टिमडीची (लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस ती वाचत नाही, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉनही वाचत नाही. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवायची कमांड) लावून प्रोग्राम चालवला तर सुडो आधीचे बहुतेक व्हेरिएबल झटकून टाकतो. त्यामुळे हाताने चालवलं की चालतं आणि आपोआप चालत नाही, हा अनुभव येतो आणि लोक तासन् तास कोड चाळत बसतात.

लिनक्सवर यावर सरळ उपाय आहे. सेटिंगची वेगळी फाइल (एन्व्ह फाइल) करा, मालकी सर्व्हिसच्या युजरकडे द्या, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, आणि सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (ती कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'एन्व्हायर्नमेंटफाइल' या ओळीत तिचा पूर्ण पत्ता लिहा. युनिट फाइल बदलली तर 'डीमन-रीलोड' करून मग रीस्टार्ट; नुसती सेटिंगची फाइल बदलली तर रीस्टार्ट पुरतो. रीस्टार्ट मात्र हवाच. चालू प्रोग्रामला व्हेरिएबलची प्रत सुरू होतानाच मिळालेली असते, नंतर फाइलमध्ये काहीही बदला, त्याला पत्ता लागत नाही. पीएम-२ (नोडचे प्रोग्राम चालू ठेवणारं साधन) वापरत असाल तर आणखी एक मेख: साध्या रीस्टार्टने तो जुनीच व्हेरिएबल पुढे चालवतो, 'अपडेट-एन्व्ह' हा पर्याय द्यावा लागतो, आणि रीबूटनंतर टिकावं म्हणून 'सेव्ह' व 'स्टार्टअप' या दोन्ही कमांड द्याव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही सोय १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी ती 'नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत' अशा मजकुराच्या ओळींची यादी, एवढंच. त्यात आकडा, हो-नाही, तारीख असे प्रकार नाहीत. म्हणून प्रोसेस डॉट एन्व्हमधून जे येतं ते कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असतं, आणि व्हेरिएबल दिलेलंच नसेल तर 'अनडिफाइन्ड', म्हणजे किंमतच नाही. उलट बाजूनेही तेच: कोडमधून तिथे अनडिफाइन्ड ठेवायला गेलात तर व्हेरिएबल पुसलं जात नाही, 'अनडिफाइन्ड' हीच अक्षरं तिथे जाऊन बसतात. पुसायचं असेल तर 'डिलीट' करावं लागतं.

मजकूर आणि आकडा यांतला फरक जावास्क्रिप्ट आपल्याला तोंडावर सांगत नाही, हे दुखणं. खोलीत जास्तीत जास्त ४ पाहुणे असं व्हेरिएबल आहे आणि कोडमध्ये लहान मुलासाठी त्यात १ मिळवला आहे. उत्तर ५ येत नाही, ४१ येतं. दोन मजकूर शेजारी शेजारी चिकटतात. गुणाकार केला तर मात्र उत्तर बरोबर येतं, कारण गुणाकाराला जावास्क्रिप्ट स्वतःहून आकडा करून घेते. म्हणजे त्याच व्हेरिएबलवर एका ओळीत बरोबर आणि दुसऱ्या ओळीत चूक. तुलनेतही तसंच. दोन्ही बाजूंना स्ट्रिंग असतील तर '१०' हे '९' पेक्षा लहान ठरतं, कारण शब्दकोशात १ आधी येतो.

मग आकडा कसा करायचा? बहुतेक जण 'पार्सइंट' हे फंक्शन लावतात. पार्सइंट सुरुवातीपासून जेवढे आकडे सापडतील तेवढे घेतं आणि बाकीचं मुकाट सोडून देतं. घरपोच सेवा फुकट होण्यासाठी किमान ऑर्डर १,५०० रुपयांची, असं कुणी आपल्या सवयीप्रमाणे स्वल्पविराम देऊन लिहिलं, की पार्सइंटच्या हाती १ लागतो. त्यानंतर अर्धा डझन आंब्यांची ऑर्डरही मुंबईला फुकट पोचवावी लागते, आणि लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) कुठेही चूक दिसत नाही. त्यापेक्षा 'नंबर' हे फंक्शन कडक आहे; तिथे १,५०० ला 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नव्हे', असं उत्तर मिळतं. पण त्याच्याही दोन खोडी आहेत. रिकाम्या स्ट्रिंगला, किंवा नुसत्या स्पेसला, ते शून्य म्हणतं. आणि शून्य-एक्स लावून लिहिलेले सोळाच्या पायाचे आकडे किंवा '१ई३' (म्हणजे १०००) असं लिखाणही ते आनंदाने स्वीकारतं. आम्ही आधी कडेच्या स्पेस काढतो, मग मजकुरात फक्त इंग्रजी अंक आहेत का ते बघतो, मग नंबर करतो, आणि शेवटी तो अपेक्षित हद्दीत आहे का ते तपासतो. चार ओळींचं काम आहे.

पोर्टचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ऑफिसात फाइल भरणाऱ्याचा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि पोर्टपुढे ८०८० हे देवनागरी अंकांत पडलं. स्क्रीनवर काही वावगं दिसत नाही. कोडमध्ये ती स्ट्रिंग तशीच 'लिसन' या सर्व्हर सुरू करणाऱ्या फंक्शनला दिली आहे. नोडचा नियम असा: लिसनला दिलेली स्ट्रिंग आकड्यात बदलता आली तर ती पोर्ट, नाही आली तर ती सॉकेट फाइलचा (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामनी आपसात बोलायच्या फाइलचा) पत्ता. देवनागरी अंक नंबरला कळत नाहीत, तो नॅन देतो. मग लिनक्सवर नोड काय करतो, तर चालू फोल्डरमध्ये '८०८०' नावाची एक युनिक्स सॉकेट फाइल तयार करतो आणि तिच्यावर कान लावून बसतो. एरर नाही. 'सर्व्हर सुरू झाला' हा मेसेजही येतो. ब्राउझर मात्र काही केल्या पोचत नाही, आणि उघड्या पोर्टची यादी काढली तर त्यात ८०८० नाही. फोल्डरची सविस्तर यादी काढली तर त्या फाइलच्या ओळीचं पहिलंच अक्षर एस दिसतं. तो सॉकेटचा शिक्का. याउलट पोर्टची जागा रिकामी ठेवून कोडमध्ये नंबर लावला असेल तर शून्य मिळतं, आणि पोर्ट शून्य म्हणजे 'जे मोकळं असेल ते दे' असा ऑपरेटिंग सिस्टिमला निरोप. दर रीस्टार्टला पोर्ट वेगळं. १ ते ६५५३५ एवढी साधी हद्द तपासली असती तर दोन्ही वेळा प्रोग्राम सुरुवातीलाच अडला असता आणि कारणही सांगितलं असतं.

हो-नाहीचं व्हेरिएबल सगळ्यात जास्त पैसे बुडवतं. 'पेमेंट टेस्ट' या व्हेरिएबलपुढे 'फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये नुसतं 'इफ' लावलं. जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी मानली जाते. 'फॉल्स' ही रोमनमधली पाच अक्षरी स्ट्रिंगही खरी, '०' हीसुद्धा खरी. म्हणजे टेस्ट मोड चालूच राहतो. गिऱ्हाइकाला 'पेमेंट झालं' दिसतं, बागायतदार पेट्या भरून पाठवतो, आणि बँकेत काहीच येत नाही. 'बूलियन' हे फंक्शन लावूनही सुटका नाही, ते हाच नियम पाळतं. झॉडसारखी तपासणीची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरणाऱ्यांनाही इथे ठेच लागते: तिचं 'कोअर्स बूलियन' आतून तेच बूलियन फंक्शन लावतं, त्यामुळे तिथेही 'फॉल्स' खरंच ठरतं. झॉडच्या चौथ्या आवृत्तीत यासाठीच 'स्ट्रिंगबूल' आलं आहे, ते वापरावं. लायब्ररी नको असेल तर स्वीकारायच्या शब्दांची यादी करा. ट्रू, १, येस, ऑन म्हणजे हो. फॉल्स, ०, नो, ऑफ म्हणजे नाही. आधी छोट्या लिपीत करून घ्या, स्पेस काढा. यादीबाहेरचं काहीही आलं तर 'नाही' समजू नका, एरर द्या. कुणी 'फाल्स' असं चुकीचं स्पेलिंग लिहिलं तर ते कळलं पाहिजे.

डिफॉल्ट किमतीबाबतही असाच घोळ असतो. आगाऊ रक्कम २५ टक्के हे डिफॉल्ट. एखादा होमस्टेवाला जुन्या गिऱ्हाइकांसाठी ० टक्के ठेवतो. कोडमध्ये नंबर करून पुढे || ('आधीचं खोटं ठरलं तर हे घ्या' असं चिन्ह) लावून २५ लिहिलं असेल तर शून्य खोटं ठरतं आणि २५ परत येतात. हे टाळायला ?? ('आधीचं दिलेलंच नसेल तर हे घ्या') वापरलं तर शून्य वाचतं, पण व्हेरिएबलचं नाव लिहून पुढे काहीच न लिहिलेली ओळ आली की ?? ती रिकामी स्ट्रिंग तशीच पुढे सोडतं, कारण त्याला फक्त अनडिफाइन्ड आणि नल (मुद्दाम ठेवलेलं 'काही नाही') कळतं. मग नंबर तिचं शून्य करतो. दोन्ही चिन्हं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण न दिलेलं, रिकामं दिलेलं आणि शून्य दिलेलं या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपण आधी ठरवावं लागतं. आमची शिफारस: रिकामं म्हणजे न दिलेलं, शून्य म्हणजे शून्य. आणि डेटाबेसचा पत्ता, किल्ल्या यांना डिफॉल्ट ठेवूच नका. नाहीतर दर्यावरच्या बुकिंगची नोंद वेबसाइट बनवणाऱ्याच्या टेस्ट डेटाबेसमध्ये जात राहते.

तारखांचं दुखणं खास आपल्या किनाऱ्याचं आहे, म्हणून सविस्तर. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. मासेमारीच्या सहली विकणाऱ्या वेबसाइटवर या दोन तारखा व्हेरिएबल म्हणून ठेवल्या, की दरवर्षी कोड बदलावा लागत नाही. आपण लिहितो ०१/०६/२०२६. जावास्क्रिप्ट हे अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस असं वाचते, आणि बंदीची सुरुवात ६ जानेवारीला करते. शेवटची तारीख ३१/०७/२०२६. एकतिसावा महिना नसल्यामुळे ती 'इनव्हॅलिड डेट' होते. अशा तारखेशी केलेली आधी-नंतरची कुठलीही तुलना खोटी ठरते. म्हणजे 'आज सुरुवातीनंतर आणि शेवटाआधी आहे का' या प्रश्नाचं उत्तर वर्षभर 'नाही'. बंदी लागतच नाही, ऐन जूनमध्ये बुकिंग घेतलं जातं, आणि वेबसाइट हूं की चूं करत नाही.

वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने २०२६-०६-०१ लिहिलं तर हा घोळ संपतो, दुसरा सुरू होतो. नुसती तारीख या रूपात असली की जावास्क्रिप्ट ती ग्रिनिचची मध्यरात्र समजते, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. पहाटे चारला निघणारी बोट १ जूनला अजून कायदेशीर वाटते. तारखेपुढे वेळ आणि शेवटी +०५:३० लिहावं, म्हणजे शंकेला जागा नाही. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले असतात, तेव्हा टीझेड (टाइम झोन) हे व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' असं सर्व्हिसच्या सेटिंगमध्येच देऊन टाका. नाहीतर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत पडलेली प्रत्येक नोंद आदल्या दिवसाच्या हिशोबात जाते, आणि महिन्याच्या १ तारखेला हिशोब कधीच जुळत नाही.

वेळेच्या अवधीबद्दल थोडक्यात. नावातच एकक घाला: 'टाइमआउट_सेकंद', 'टाइमआउट_एमएस'. नुसतं ३० लिहिलं की एकजण सेकंद समजतो, दुसरा मिलिसेकंद. कुणी १५ पुढे एम लिहून पंधरा मिनिटं म्हणतो. त्याचं नॅन होतं, आणि नोडच्या टायमरला नॅन दिलं की तो एक मिलिसेकंद धरतो. आठवणीचे ई-मेल पाठवणारं काम दर पंधरा मिनिटांऐवजी सेकंदाला शेकडो वेळा धावायला लागतं. टायमरला वरचीही मर्यादा आहे, २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, साधारण २४.८ दिवस. कुणी ३० दिवसांचा टायमर लावला तर तोही एक मिलिसेकंदाचा होतो. महिन्याची कामं क्रॉनकडे द्यावीत.

याद्यांमध्ये स्वल्पविरामाने तोडणं सोपं, पण 'मिरकरवाडा, हर्णै, देवगड' असं लिहिलं की दुसऱ्या नावाच्या आधी स्पेस राहते आणि हर्णै यादीत सापडत नाही. प्रत्येक तुकड्याची स्पेस काढा, रिकामे तुकडे गाळा. रिकाम्या स्ट्रिंगला तोडलं की शून्य नव्हे, एक रिकामा तुकडा मिळतो. मराठी मजकूर तर या व्हेरिएबलमध्ये ठेवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. 'किनाऱ्यालगत' हा खोलीचा प्रकार घ्या. यातला ऱ्य एक कीबोर्ड ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितो, दुसरा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. कागदावर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. === या बरोबरी तपासणाऱ्या चिन्हाने तुलना केली की उत्तर खोटं, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावूनही ते एक होत नाहीत. प्रकाराला रोमन लिपीत छोटी खूण द्या, मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवा.

फाइल वाचणारे प्रोग्राम वेगवेगळे, त्यांचे नियमही वेगवेगळे. पासवर्डमध्ये # आहे आणि अवतरणचिन्हं नाहीत, तर डॉटएन्व्ह ही एन्व्ह फाइल वाचणारी लायब्ररी आणि नोडची स्वतःची सोय # च्या पुढचं टिप्पणी समजून कापून टाकतात. डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) 'रन' कमांडला दिलेल्या एन्व्ह फाइलमध्ये तोच पासवर्ड शाबूत राहतो, पण तुम्ही अवतरणं दिली असतील तर ती अवतरणंही पासवर्डचा भाग होतात. सिस्टिमडी अवतरणं काढतो आणि ओळीच्या मधल्या # ला हात लावत नाही. शेलमध्ये तीच फाइल 'सोर्स' केली तर $ पुढचा शब्द गायब होतो, आणि विंडोजवर सेव्ह केलेली असेल तर प्रत्येक किमतीच्या शेवटी न दिसणारं रिटर्न-चिन्ह चिकटतं. इतके नियम पाठ करण्यापेक्षा पासवर्डच असा करा की कुणाला काही वाटू नये: ओपनएसएसएल या साधनाला 'रँड हेक्स ३२' सांगितलं की ६४ अक्षरांची किल्ली मिळते, त्यात फक्त अंक आणि ए ते एफ. डेटाबेसच्या पत्त्यात @ किंवा / असलेला पासवर्ड टक्क्याच्या संकेतात लिहिण्याची कटकटही त्यामुळे मिटते.

ऑफिसातला पीसी विंडोजवर असेल तर आणखी दोन गोष्टी. कमांडच्या खिडकीत 'सेट' करून, स्पेस सोडून, && लावून प्रोग्राम सुरू केला की ती स्पेस किमतीत जाते. नोड-एन्व्ह हे व्हेरिएबल 'प्रॉडक्शन' (खरा वापर) होत नाही, 'प्रॉडक्शन' आणि पुढे एक स्पेस होतं. एक्सप्रेस ही नोडवर वेबसाइट बांधायची लायब्ररी त्याला प्रॉडक्शन मानत नाही आणि एरर आली की आतल्या फाइलींचे पत्ते गिऱ्हाइकाच्या ब्राउझरवर छापते. दुसरं म्हणजे विंडोजवर व्हेरिएबलच्या नावात लहान-मोठी अक्षरं एकच, लिनक्सवर नाहीत. लॅपटॉपवर चाललेलं सर्व्हरवर अनडिफाइन्ड होतं ते यामुळेही.

डॉटएन्व्ह वापरणाऱ्यांसाठी: ती आधीपासून असलेल्या व्हेरिएबलवर फाइलमधली किंमत चढवत नाही. म्हणून फाइल बदलूनही जुनीच किंमत दिसली तर आधी सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये बघा. ती फाइल कोडच्या फोल्डरात नव्हे, प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू केला तिथे शोधते. आणि नव्या पद्धतीचे 'इम्पोर्ट' (दुसऱ्या फाइलमधला कोड आणणाऱ्या ओळी) वापरत असाल तर फाइलमधले सगळे इम्पोर्ट इतर ओळींच्या आधी चालतात. मधे लिहिलेली 'कॉन्फिग'ची ओळ येईपर्यंत डेटाबेसच्या मॉड्युलने अनडिफाइन्ड वाचलेलं असतं. 'डॉटएन्व्ह/कॉन्फिग' हाच सगळ्यात पहिला इम्पोर्ट ठेवावा. खरं तर नोड २०.६ पासून नोडला सुरू करतानाच 'एन्व्ह-फाइल' हा पर्याय देता येतो आणि २०.१२ पासून कोडमधून फाइल वाचण्याची सोयही आली आहे. नव्या कामाला वेगळी लायब्ररी लागू नये. मात्र ही सोय फाइल वाचून देते, प्रकार तपासत नाही. मिळतं ते पुन्हा स्ट्रिंगच.

म्हणून सगळ्या कोडमध्ये प्रोसेस डॉट एन्व्हला हात लावणारी फाइल एकच असावी. तिच्यातलं फंक्शन एक साधा ऑब्जेक्ट घेईल, प्रत्येक व्हेरिएबलची स्पेस काढेल, प्रकार बदलेल, हद्द तपासेल. पहिल्या चुकीवर न थांबता सगळ्या चुका गोळा करेल, एकदम छापेल, आणि एक्झिट कोड १ (म्हणजे काहीतरी चुकलं) देऊन प्रोग्राम बंद करेल. छापताना व्हेरिएबलचं नाव आणि काय अपेक्षित होतं ते लिहा. किल्ल्यांची किंमत लिहू नका. सगळं ठीक असेल तर गोठवलेला (पुढे बदलता न येणारा) ऑब्जेक्ट परत द्या, बाकीच्या कोडने तोच वापरावा. ऑब्जेक्ट बाहेरून दिल्यामुळे टेस्ट लिहिणंही सोपं होतं. सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट व्हायला लावली असेल तर घाबरू नका: सिस्टिमडी मूळ सेटिंगला १० सेकंदांत ५ वेळा प्रयत्न करून थांबतो आणि कारण त्याच्या लॉगमध्ये राहतं. अर्धवट सेटिंगवर चाललेल्या सर्व्हरपेक्षा बंद पडलेला सर्व्हर परवडतो. बंद पडला तर निदान मालकाचा फोन येतो.

गुप्ततेबद्दल दोन-तीनच गोष्टी. एन्व्ह फाइल एकदा गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेली की नंतर गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींच्या यादीत) नाव टाकून ती जात नाही. तिला ट्रॅकिंगमधून काढा आणि त्यातल्या सगळ्या किल्ल्या बदला, कारण जुन्या कमिटमध्ये (गिटमधल्या नोंदींत) त्या आहेतच. एररच्या वेळी पूर्ण प्रोसेस डॉट एन्व्ह लॉगमध्ये छापू नका. व्हीट किंवा नेक्स्ट या वेबसाइट बांधायच्या साधनांमध्ये 'व्हीट_' आणि 'नेक्स्ट_पब्लिक_' या उपसर्गांची व्हेरिएबल बिल्ड करतानाच ब्राउझरच्या कोडमध्ये छापली जातात, ती जगजाहीर समजावीत.

वेबसाइट करून घेणाऱ्यांनी, मग तो होमस्टेवाला असो, बागायतदारांची सोसायटी असो की ग्रामपंचायत, काम ताब्यात घेताना नमुन्याची एन्व्ह फाइल मागून घ्यावी. तिच्यात प्रत्येक व्हेरिएबलचं नाव, एकक, चालणाऱ्या किमती आणि ते सक्तीचं आहे की नाही एवढं असावं. खऱ्या किल्ल्या नसाव्यात. आपल्याकडच्या इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांच्या प्रात्यक्षिकांत हा भाग असायला हवा.

आणि मिरगाआधी एक चाचणी. एखाद्या मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, सर्व्हर मुद्दाम रीबूट करा आणि दहा मिनिटं कुणीही लॉगिन करू नका. दुसऱ्या फोनवरून, वायफाय बंद ठेवून, वेबसाइट उघडा. मग टेस्ट मोड बंद आहे का ते पाहायला एक रुपयाची खरी खरेदी करा आणि तो बँकेत येतोय का बघा. हे जमलं तर पुढची पायरी: 'एन्व्ह' या कमांडला वजा-आय हा पर्याय देऊन पूर्ण रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रोग्राम सुरू करा. पाथ हे (प्रोग्राम कुठे शोधायचे ते सांगणारं) व्हेरिएबलही तिथे नसतं, म्हणून नोडचा पूर्ण पत्ता द्यावा. प्रोग्रामने लगेच बंद पडून काय काय हवं त्याची यादी छापली पाहिजे. तो गपचूप सुरू झाला तर ज्याने बनवला त्याला पाऊस लागायच्या आत बोलावून घ्या.

आपले,
कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या व्यवसायांचे सर्व्हर सांभाळणारे काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग